मापाला उभी

सोलापूर बाजारात आमचं दुकान दीड माणसाचं :
दादा एक, आणि उरलेल्या अर्ध्यात मी.
घोड्याचे लगाम, पलटणीचे बूट,
आणि दिवाळी सरली
की पाखरांच्या पिशव्या.

केरसी सेठ स्कूटर उभी करायचे निम्मी फूटपाथवर.
आत रबर लाव रे, गेल्या साली तुमान लाल झाली,
धोबी घाबरून कपडे परत देऊन गेला.
दादा रांपीला धार लावत म्हणायचे,
रबर नको, सेठ.
ऊन पाखरू कोंडलं
की दिवे घाटाच्या माळावर सकाळी पाडलेलं
हडपसरच्या आत वास मारतं.
एक बाजू कॅन्व्हास, एक बाजू जाळी.
अंगाला कापड, वाऱ्याला जाळी.
उलटी घातली तर तुमची चूक, माझी नाही.

सुभेदार वाल्हेकरांना पिशवीच नामंजूर.
पट्टा हवा. आठ फास.
मान अडकवली की झालं,
पाखरू वाऱ्यावर लोंबलं पाहिजे,
पीस न् पीस जागच्या जागी.
सेठ म्हणायचे, बाभळीतून चालून दाखव,
तुझी पिसं बाभळीला, तुला नुसती हाडं.
मग दोघं एकाच कपातला चहा
बशीत अर्धा अर्धा करून प्यायचे.

माल दोघांचाही माझ्या अंगावर पारखला जायचा.
माझे शाळेचे फाटके मोजे,
त्यात वाळू, तोंडाला सुतळी :
हे तित्तर.
लाव्यासाठी धाकट्या भावाचा मोजा.
तराजू असून दादा तळहातावर तोलायचे.
बंदूक त्यांनी कधी धरली नाही,
पण पोरवयात साहेबांच्या मागं हाकाऱ्याला जायचे.
ताटात कधी आलं नाही ते पाखरू,
खांद्यावर आलेलं.

चाल, म्हणायचे.
मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालायची.
आता पळ.
आता वाक, पायातला काटा काढ.
वाळूचे आठ जीव मांडीवर आपटायचे,
बोहऱ्याची पोरं हसायची,
आणि दादा डोळे मिटून ऐकायचे :
वाजतंय. पितळी कड्या वाजतायत.
कड्या गेल्या, वादीचे फास आले.
लोखंडी बकल नको,
घामानं नाही गंजत तेवढं रक्तानं गंजतं.

एकदा मी विचारलं,
फासात घालताना त्यांचे डोळे मिटलेले असतात का?
दादांच्या दातांत मेणाचा दोरा होता.
तो त्यांनी काढला नाही.

बहात्तरला कायदा आला.
सुभेदारांनी पट्टा आणून फळीवर ठेवला,
म्हणाले, फास उसव, कुत्र्याला होईल.
दादांनी उसवले.
आठ जागी भोकांच्या दोन दोन रांगा राहिल्या,
तशाच घालून त्यांचा मोती
घोरपडीच्या रस्त्यानं हिंडायचा, ऐटीत.

सेठांनी चार रुपये आगाऊ दिलेली पिशवी
न्यायला कुणी आलं नाही.
वर्षभर खुंटीवर. मग दुसऱ्या खुंटीवर.
दादा गिऱ्हाइकाला दाखवायचे, विकायचे नाहीत,
पैसे घेतलेत, म्हणायचे.

आता ती माझ्याकडे आहे.
मंडईतून मेथी आणते तिच्यातून,
जुडी घरी येईपर्यंत मान टाकत नाही.
जाळी बाहेर, कापड अंगाला,
अजून उलटी घालायची छाती होत नाही.
कुठल्या कंपनीची, काकू? भाजीवाल्याचा मुलगा विचारतो.
दीड माणसाची, म्हणते.
तो पावकिलो मिरच्या जास्त टाकतो.

परवा तळजाईवर, उजाडता उजाडता,
करवंदीच्या जाळीमागं तित्तर ओरडलं,
कतीतर, कतीतर,
भांडायला बसल्यासारखं, थांबेचना.
माझा हात आपोआप कमरेशी गेला.
रिकामी होती, नुसती घडी घालून बांधलेली.

आजूबाजूला कुणी नाही बघून
मी थोडी पळाले,
साठीच्या गुडघ्यांना जमेल तेवढी.
मग वाकले, पायात नसलेला काटा काढला,
आणि कान दिला.

नाही वाजत, दादा.